अबादान ते मुंबई हाय

जानेवारी २०२५ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने, म्हणजेच ओएनजीसीने, एक घोषणा केली. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्राच्या पोटात असलेल्या 'मुंबई हाय' ह्या तेलक्षेत्राचे घसरते उत्पादन सावरण्यासाठी 'तांत्रिक सेवा पुरवठादार' म्हणून ब्रिटनच्या बीपी ह्या कंपनीची दहा वर्षांकरिता निवड करण्यात आली. पहिल्या दोन वर्षांत ठरावीक शुल्क आणि त्यानंतर वाढीव उत्पादनाशी निगडित मोबदला, असा हा व्यवहार आहे. उत्पादन साठ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल असे आश्वासनही त्यासोबत देण्यात आले. अर्थविषयक पानांवर ह्या बातमीचे स्वागत झाले आणि परदेशी तज्ज्ञतेची थोरवी गायिली गेली. ही कंपनी कोण, ती कोठून आली, तिचा पिंड कशावर पोसला गेला, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही.

आम्हाला ती भासते. 'तज्ज्ञता' हा शब्द ह्या कंपनीच्या तोंडी आज प्रथमच आलेला नाही. सव्वाशे वर्षांच्या तिच्या आयुष्यात हाच शब्द तिने ढालीसारखा वापरला आहे, आणि त्या ढालीमागे प्रत्येक वेळी काही निराळीच शस्त्रे होती. ती शस्त्रे पारखून पाहणे हे मुंबई हायवर राबणाऱ्या कामगारांइतकेच देशातील प्रत्येक सजग नागरिकाचे काम आहे.

२८ मे १९०१ रोजी इराणचा कर्जबाजारी बादशहा मुझफ्फरुद्दीन शाह काजार ह्याने विल्यम नॉक्स डार्सी नावाच्या गृहस्थाला आपल्या देशाच्या तेलाचा मक्ता साठ वर्षांसाठी लिहून दिला. डार्सीने ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणीवर गडगंज पैसा केला होता. इराणला त्याने कधी पायही लावला नाही. २० हजार पौंड रोख, २० हजार पौंडांचे भाग आणि निव्वळ नफ्याचे १६ टक्के, एवढ्या मोलात सुमारे ४ लाख ८० हजार चौरस मैलांची भूमी त्याच्या पदरात पडली. झारच्या रशियाला लागून असलेले उत्तरेकडील पाच प्रांत तेवढे वगळण्यात आले, कारण दोन साम्राज्यांची कुरबूर टाळावयाची होती. ज्यांच्या जमिनीखाली हे तेल होते त्यांना कोणी विचारले नाही, हे सांगावयास नकोच.

डार्सीचा पैसा लवकरच आटत आला आणि येथेच आपल्या देशाचा ह्या कथेत प्रवेश होतो. १९०५ मध्ये ब्रिटिश नौदल खात्याच्या प्रोत्साहनाने त्याच्या मदतीस धावून आली ती ग्लासगोची बर्मा ऑइल कंपनी. बर्मा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता. इरावतीच्या खोऱ्यातील तेल उपसून ते हिंदुस्थानच्या बाजारात विकणे, खेड्यापाड्यांतील दिव्यांना रॉकेल पुरविणे, हा बर्मा ऑइलचा धंदा. १९०९ साली लंडनमध्ये 'अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी' स्थापन झाली, तेव्हा तिचे बहुतेक सर्व साधे भाग बर्मा ऑइलच्याच हाती होते. म्हणजे इराणच्या तेलात गुंतलेले पहिले मोठे भांडवल बर्मी मजुराच्या घामातून आणि हिंदी शेतकऱ्याच्या कंदिलातून गोळा झालेले होते. बीपीच्या गौरवग्रंथांत स्कॉटिश उद्योजकांच्या धाडसाची वर्णने असतात. त्या कंदिलाचा उल्लेख कोणी करीत नाही.

२६ मे १९०८ रोजी पहाटे मस्जिद-ए-सुलेमान येथे तेलाचा फवारा उसळला. विहीर खणणाऱ्यांच्या रक्षणासाठी तेथे पहारा होता तो हिंदी लष्करातील घोडेस्वारांच्या तुकडीचा आणि तिचा म्होरक्या होता आर्नल्ड विल्सन हा हिंदी लष्कराचा एक तरुण लेफ्टनंट. तंत्रज्ञान आले ते हिंदी सवारांच्या भाल्यांच्या सावलीत. पुढे मोहम्मेराच्या शेख खझलकडून अबादान बेटावरील जागा मिळविण्यात आली. डोंगरातून समुद्राकडे नळ टाकण्यात आला आणि अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. कालांतराने तो जगातील सर्वांत मोठा कारखाना ठरला.

१९१४ च्या जूनमध्ये नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल ह्यांनी ब्रिटिश पार्लमेंटपुढे एक ठराव आणला. सरकारने २२ लाख पौंड गुंतवून ह्या कंपनीचे ५१ टक्के भाग घ्यावेत, आपले दोन संचालक नेमावेत आणि त्यांना नकाराधिकार असावा. २५४ विरुद्ध १८ मतांनी तो संमत झाला. कोळशावर चालणारे ब्रिटिश आरमार तेलावर आणावयाचे होते आणि ब्रिटनच्या भूमीत तेव्हा तेल नव्हते. खाजगी उद्योगाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. भांडवलशाही जगातील एक बलाढ्य तेलकंपनी मुक्त स्पर्धेतून वाढली नाही. ती सरकारी तिजोरीच्या पैशावर आणि सरकारी आरमाराच्या मागणीवर वाढली. साम्राज्याला जेव्हा गरज पडते तेव्हा राष्ट्रीयीकरण त्याला मुळीच निषिद्ध नसते. निषिद्ध असते ते गुलाम देशांनी केलेले राष्ट्रीयीकरण.

ठरावावर राजाची मोहोर उमटेपर्यंत महायुद्ध सुरू झाले होते. तुर्कस्तानशी युद्ध पुकारले जाण्याच्याही आधी, १९१४ च्या ऑक्टोबरात, मुंबई बंदरातून हिंदी फौजेची गलबते इराणच्या आखाताकडे निघाली. ती फौज होती सहाव्या पूना डिव्हिजनची. ६ नोव्हेंबरला ती शत्-अल्-अरबच्या मुखाशी फाव येथे उतरली. तिच्यासमोर ठेवलेल्या पहिल्या कामांपैकी एक होते अबादानचा कारखाना आणि त्याचा तेलाचा नळ सुरक्षित राखणे. डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. दख्खनच्या आणि कोकणच्या खेड्यांतून भरती झालेले हे शेतकऱ्यांचे मुलगे. दोन एकर बरड जमिनीवर घर पोसता येईना म्हणून अंगावर खाकी चढविलेले. कोणाच्या तेलासाठी आपण मेसोपोटेमियाच्या चिखलात उभे आहोत, हे त्यांना कोण सांगणार होते? बसरा पडले, मग बगदादच्या लोभाने फौज पुढे रेटण्यात आली आणि अखेर कूत-अल्-अमारा येथे ती वेढ्यात सापडली. सुमारे पाच महिने उपासमार काढून २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातील त्या पायपिटीत आणि कैदेच्या छावण्यांत हजारो मरण पावली. त्यांच्या नावांचे दगड आहेत, पण ज्या कंपनीचा नळ त्यांनी राखला तिचे नाव त्या दगडांवर नाही.

त्याच युद्धात घडलेली आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 'ब्रिटिश पेट्रोलियम' हे नाव मुळात ब्रिटिशांचे नव्हेच. जर्मन मालकीच्या एका विक्री-कंपनीने ब्रिटनमधील धंद्यासाठी ते घेतले होते. युद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून ती जप्त झाली आणि १९१७ मध्ये अँग्लो-पर्शियनने सरकारकडून विकत घेतली. दुसऱ्याची मालमत्ता सरकारने ताब्यात घेणे ही घोर चोरी आहे, असा आक्रोश ह्याच कंपनीने पुढे १९५१ साली केला, तेव्हा ह्या नावाची जन्मकथा तिला आठवली नाही!

युद्धानंतरच्या वाटणीची हकीकत थोडक्यात आटोपता येईल. इराकच्या तेलात ब्रिटिश, डच, फ्रेंच आणि अमेरिकन कंपन्यांनी भागी केली. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील अॅक्नाकॅरी येथील वाड्यात अँग्लो-पर्शियन, शेल आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल ह्यांच्या प्रमुखांनी शिकारीच्या निमित्ताने एकत्र येऊन जगाचा बाजार आपसांत वाटून घेण्याचा गुप्त करार केला. त्याच वर्षी आपल्या देशात बर्मा ऑइल आणि शेल ह्यांनी मिळून 'बर्मा-शेल' उभी केली. लेनिनने साम्राज्यवादावरील आपल्या पुस्तकात मक्तेदार गटांनी केलेल्या जगाच्या वाटणीचे जे विवेचन केले, त्याचा इतका उघड पुरावा दुसऱ्या कोणत्याही धंद्यात सापडणे कठीण.

परंतु अबादानची खरी कथा संचालकांच्या दालनात घडली नाही. ती घडली कामगारांच्या वस्तीत. कंपनीने प्रारंभीच्या वर्षांत कुशल आणि अर्धकुशल कामगार आणले ते हिंदुस्थानातून. मुंबई आणि कराची बंदरांतून जहाजे भरून फिटर, सुतार, गवंडी, कारकून, बर्माच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले कारागीर तेथे गेले. अबादानमध्ये आजही 'रंगूनवाल्यांची मशीद' उभी आहे. बर्मा आणि हिंदुस्थानातून आलेल्या कामगारांनी ती बांधली. कंपनीची व्यवस्था अगदी शिस्तबद्ध होती. वर गोरे अधिकारी आणि त्यांचे हिरवळीचे बंगले, मधे हिंदी कारकून व कारागीर, सर्वांत खाली इराणी मजूर. ज्याच्या देशाचे तेल तोच सर्वांत खाली. हिंदी आणि इराणी कामगारांत मत्सर राहावा, दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहावे, ह्यासाठी ही उतरंड रचलेली होती.

पण ती टिकली नाही. डिसेंबर १९२० मध्ये अबादानच्या हिंदी कामगारांनी वेतनवाढीसाठी संप पुकारला आणि इराणी कामगार त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडले. १९२२ मध्ये पुन्हा संप झाला. ह्या वेळी कंपनीने दया दाखविली नाही. संपात पुढे असलेल्या शीख कामगारांना मोठ्या संख्येने जहाजांत कोंबून हिंदुस्थानात परत धाडण्यात आले. आपल्या देशाच्या कामगार चळवळीच्या इतिहासात गिरणगावचे संप जसे नोंदले गेले तसे अबादानचे हे संप नोंदले गेले नाहीत. परक्या भूमीवर, परक्या मालकाविरुद्ध, दुसऱ्या देशाच्या कामगाराच्या खांद्याला खांदा लावून हिंदी कामगार लढला, ही घटना आपल्याकडील अभ्यासवर्गांत शिकविली गेली पाहिजे.

१९२९ च्या मे महिन्यातील अबादानचा संप कम्युनिस्टांनी संघटित केला होता. त्याचे एक पुढारी यूसुफ इफ्तेखारी ह्यांना रझाशाहच्या राजवटीने पकडले आणि १९४१ पर्यंत तुरुंगात डांबले. संपाची वार्ता कळताच ब्रिटिशांनी आखातात युद्धनौका हलविली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. कंपनीच्या 'तज्ज्ञते'त आरमाराचाही अंतर्भाव होत असे. १९३२ मध्ये रझाशाहने मोठ्या आवेशाने डार्सीचा मक्ता रद्द केला आणि १९३३ मध्ये नव्या करारावर सही केली. त्या कराराने मक्त्याची मुदत १९९३ पर्यंत पुढे गेली. हुकूमशहाच्या राष्ट्रवादाचा आवेश असाच असतो.

१९४६ च्या जुलैमध्ये खुझिस्तानात सुमारे ६५ हजार तेलकामगारांचा सार्वत्रिक संप झाला. रस्त्यावर गोळी चालली, अबादानमध्ये १९ जण ठार झाले आणि शेकडो जखमी झाले. कामगारांची एक मागणी शुक्रवारच्या सुट्टीच्या पगाराची होती. अबादानच्या कडेला 'कागजाबाद', म्हणजे कागदाचे गाव, अशी एक झोपडपट्टी वसली होती. जगातील सर्वांत मोठ्या कारखान्याचे मजूर तेथे डबे ठोकून सपाट केलेल्या पत्र्यांच्या आडोशाने राहत. कंपनीचा हिशेब मात्र वेगळा होता. १९५० साली तिने ब्रिटिश सरकारला कर म्हणून ५ कोटी पौंडांहून अधिक रक्कम भरली. इराणला मिळालेले स्वामित्वधन होते १ कोटी ६० लाख. तेल इराणचे, आणि लंडनची तिजोरी इराणच्या तिजोरीपेक्षा तिपटीने भरत होती!

ह्या पार्श्वभूमीवर मार्च १९५१ मध्ये इराणच्या मजलिसने तेल-उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला आणि एप्रिलच्या अखेरीस डॉ. मोहम्मद मोसद्देक पंतप्रधान झाले. लंडनमध्ये तेव्हा मजूर पक्षाचे सरकार होते. त्याने स्वतः १९४७ मध्ये ब्रिटनच्या कोळसा खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या होत्या. पण तेच सरकार ह्या कंपनीचे बहुसंख्य भागधारकही होते, आणि इराणने आपल्या तेलाबाबत तेच केले तेव्हा त्याने युद्धनौका आखातात पाठविल्या. मायदेशातील समाजवाद आणि वसाहतीतील लूट एकाच खिशात कशी मावते, ह्याचा हा नमुना.

तज्ज्ञतेचा खरा कस लागला तो ह्याच वेळी. इराणी माणसाला कारखाना चालविता येणार नाही, आमचे तंत्रज्ञ गेले की भट्ट्या थंड पडतील, असे कंपनी सांगत राहिली. ऑक्टोबर १९५१ च्या प्रारंभी शेवटचे ब्रिटिश कर्मचारी 'मॉरिशस' ह्या युद्धनौकेवर चढून निघून गेले. राष्ट्रीय कंपनीच्या हंगामी मंडळाचे प्रमुख मेहदी बाझारगान ह्या इराणी अभियंत्याच्या देखरेखीखाली देशाच्या गरजेपुरते शुद्धीकरण चालूच राहिले. बंद पडली ती निर्यात. कारण जगातील तेलवाहू जहाजे आणि बाजारपेठा मूठभर कंपन्यांच्या हाती होत्या आणि त्यांनी इराणी तेलावर बहिष्कार घातला होता. इराणी तेल भरून निघालेले 'रोझ मेरी' हे जहाज १९५२ मध्ये ब्रिटिशांनी एडनच्या बंदरात नेऊन अडकविले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २२ जुलै १९५२ रोजी हा वाद आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असा निर्णय दिला. ब्रिटिश न्यायमूर्ती मॅक्नेअर ह्यांनीही बहुमताच्या बाजूने कौल दिला. विज्ञानात आणि न्यायात हरल्यावर उरले कारस्थान. १९ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिकन आणि ब्रिटिश हेरखात्यांनी पैसा, गुंड आणि विकत घेतलेले सेनाधिकारी ह्यांच्या बळावर मोसद्देक सरकार उलथून पाडले. अमेरिकेच्या सीआयएने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या आपल्याच कागदपत्रांत ह्याची कबुली दिली आहे.

पुढील वर्षी तेल पुन्हा वाटून घेण्यात आले. ४० टक्के ह्या कंपनीला, ४० टक्के अमेरिकन कंपन्यांना, १४ शेलला, ६ फ्रेंचांना. शिवाय नुकसानभरपाई म्हणून इराणने अडीच कोटी पौंड द्यावेत असे ठरले. मोसद्देक तीन वर्षे तुरुंगात आणि मग १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत अहमदाबाद ह्या आपल्या गावी नजरकैदेत राहिले. परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी ह्यांना नोव्हेंबर १९५४ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. तुदेह पक्षाशी संबंध असलेल्या कित्येक सेनाधिकाऱ्यांनाही त्याच वाटेने पाठविण्यात आले. आणि त्याच १९५४ च्या डिसेंबरात कंपनीने आपले नाव बदलून 'ब्रिटिश पेट्रोलियम' असे केले.

ह्या ठिकाणी एक गोष्ट लिहिणे सुखाचे नाही, पण आपल्याच पत्रात ती लिहिली गेली नाही तर कोठे लिहिणार? तुदेह पक्षाने सुरुवातीच्या काळात मोसद्देक ह्यांना अमेरिकेचा हस्तक ठरविले होते. त्याआधी सोव्हिएत संघाने उत्तर इराणमधील तेलाचा मक्ता मागितला तेव्हा त्या मागणीची पाठराखण करून पक्षाने राष्ट्रीय भावनेशी फारकत घेतली होती. पक्षाच्या १९५७ च्या चौथ्या विस्तृत बैठकीने ह्या चुकांची कबुली दिली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. साम्राज्यवादविरोधी लढ्यात राष्ट्रीय भांडवलदारांचा एक विभाग कोठपर्यंत सोबत चालतो हे पारखताना आपण पूर्वग्रहाने आंधळे झालो, तर त्याचे मोल कामगारवर्गाला रक्ताने चुकवावे लागते. हा प्रश्न केवळ इराणचा होता असे समजण्याचे कारण नाही.

नंतरच्या दशकांत कंपनीचा मुखवटा अनेकदा बदलला. लिबिया, इराक, नायजेरिया अशा एकामागून एक देशांनी १९७० च्या दशकात आपले तेल तिच्या हातून काढून घेतले आणि १९७८ च्या शरदात इराणच्या तेलकामगारांनी संप करून शाहच्या सिंहासनाचा कणाच मोडला. (त्या क्रांतीचे फळ ज्यांच्या हाती गेले त्यांनी १९८३ मध्ये तुदेहलाही चिरडले. ती कहाणी वेगळी.) अलास्का आणि उत्तर समुद्र येथील तेलसाठ्यांवर कंपनी तगली. ऱ्होडेशियाच्या वंशवर्चस्ववादी राजवटीवर निर्बंध असताना ब्रिटिश आरमार समुद्रावर पहारा देत होते आणि त्याच ब्रिटिश सरकारच्या मालकीची ही कंपनी शेलसह त्या राजवटीला इंधन पोहोचू देत होती. १९७८ च्या बिंगहॅम अहवालाने ते चव्हाट्यावर आणले.

मग आले खाजगीकरण. १९७७ मध्ये मजूर सरकारने काही भाग विकून त्याची वाट उघडली आणि १९८७ च्या ऑक्टोबरात थॅचरबाईंनी उरलेले भागही विकावयास काढले. नेमका तेव्हाच शेअरबाजार कोसळला. पडत्या भावात कुवेतच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने सुमारे २२ टक्के भाग उचलले. तेव्हा मुक्त बाजारपेठेच्या त्या पुजाऱ्यांनी काय केले? १९८८ मध्ये कुवेतला हे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आणणे भाग पाडले. एका परक्या सरकारने मोठ्या तेलकंपनीत इतका हिस्सा ठेवणे राष्ट्रहिताला बाधक आहे, असा त्यांना साक्षात्कार झाला. इराणने हेच ३७ वर्षांपूर्वी म्हटले होते.

आता तिच्या आधुनिक तंत्रज्ञानाविषयी. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सस सिटी येथील तिच्या शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ कामगार ठार झाले. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील मकोंडो विहिरीवरील 'डीपवॉटर होरायझन' हा मंच पेटला, ११ जण दगावले आणि ८७ दिवस समुद्रात तेल वाहत राहिले. दोन्ही ठिकाणी चौकशी समित्यांनी खर्चकपात आणि सुरक्षिततेकडील दुर्लक्ष ह्यांवर बोट ठेवले. पण एक तपशील फार थोड्यांच्या ध्यानात राहिला आहे. ह्या २६ मृतांपैकी एकही जण बीपीच्या पगारपत्रकावर नव्हता. सर्वजण ठेकेदार कंपन्यांचे कामगार होते. नफा कंपनीचा, विहीर कंपनीची, मृत्यू मात्र ठेकेदाराच्या खात्यावर. मुंबई हायला हे अपरिचित नाही. मे २०२१ च्या 'तौक्ते' वादळात पी-३०५ हा तराफा बुडाला तेव्हा जे सुमारे ७० जण समुद्रात गेले ते तेलक्षेत्रावर काम करणारे ठेकेदाराचेच कामगार होते. खर्चकपातीची ही संस्कृती आपल्याकडे आधीच रुजलेली असताना, तिच्या पाठशाळेतील आचार्यांना पाचारण करण्यात आले आहे.

मुंबई हाय मिळाले कसे हेही तरुण वाचकांनी जाणून घ्यावे. स्वातंत्र्यानंतर परदेशी कंपन्यांचा सूर एकच होता. हिंदुस्थानात नाव घेण्याजोगे तेल नाही, आणि असले तर ते आम्हीच शोधू शकू. स्टॅनव्हॅक कंपनीने बंगालच्या खोऱ्यात काही कोरड्या विहिरी खणून काढता पाय घेतला. केशवदेव मालवीय ह्यांनी हे मानले नाही. १९५६ मध्ये ओएनजीसी उभी राहिली. सोव्हिएत आणि रुमानियन तज्ज्ञ आले. १९५८ मध्ये खंबातला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. त्याच १९६० साली सोव्हिएत संघाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले तेव्हा बर्मा-शेलसह तिन्ही परदेशी कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास साफ नकार दिला. पुढे सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने मुंबईच्या समुद्रात केलेल्या पाहणीतून मुंबई हायची रचना हाती आली, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये जपानी बनावटीच्या 'सागर सम्राट'वरून ओएनजीसीने तेथे तेल शोधले. दोन वर्षांनी उत्पादन सुरू झाले. त्याच १९७६ च्या जानेवारीत तुर्भ्याच्या कारखान्यासह बर्मा-शेल राष्ट्राच्या मालकीची झाली. जहाज जपानी, पाहणी सोव्हिएत, पण क्षेत्र आपले, निर्णय आपला. बाहेरून तंत्रज्ञान घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही आणि कधीही नव्हते. प्रश्न असतो तो अटींचा.

मुंबई हायचे उत्पादन घटले आहे हे खरे. १९८० च्या दशकाच्या मध्यास तेथून दिवसाला ४ लाखांहून अधिक पिंपे तेल निघत असे. बीपीची निवड झाली तेव्हा हा आकडा १ लाख ३५ हजारांच्या आसपास आला होता. तेलक्षेत्र म्हातारे होते, हा निसर्गाचा भाग झाला. परंतु म्हाताऱ्या क्षेत्रातून तेल काढण्यास भांडवल आणि संशोधन लागते, आणि ते भांडवल कोणी पळविले? २०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने आपली निर्गुंतवणुकीची तूट भरण्यासाठी हिंदुस्थान पेट्रोलियममधील आपला हिस्सा ओएनजीसीच्या गळ्यात मारला आणि ३६,९१५ कोटी रुपये उचलले. सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात हिस्सा गेला, आणि ओएनजीसी कर्जात बुडाली. विहिरींवर, मंचांवर, भूगर्भ-अभियंत्यांच्या भरतीवर जावयाचा पैसा अर्थसंकल्पातील भोक बुजविण्यास वापरावयाचा, आणि मग 'सार्वजनिक क्षेत्राला जमत नाही' म्हणून लंडनकडे धाव घ्यावयाची, ही रीत आता पाठ झाली आहे. आधी गाईचा चारा तोडावयाचा आणि मग तिला भाकड म्हणून बाजार दाखवावयाचा.

ह्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायुक्षेत्रात बीपी २०११ मध्ये ३० टक्के हिस्सा घेऊन रिलायन्सची भागीदार झाली. शेजारच्या ओएनजीसीच्या क्षेत्रातील वायू ह्या भागीदारीच्या विहिरींत ओढला गेला, अशी ओएनजीसीची तक्रार होती. २०१६ मध्ये न्या. ए. पी. शाह समितीने ह्याची भरपाई सरकारला मिळावी असे म्हटले. २०१८ मध्ये लवादाचा निवाडा कंपन्यांच्या बाजूने गेला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निवाडा रद्द ठरविला, आणि त्यानंतर केंद्र सरकारने रिलायन्स, बीपी एक्स्प्लोरेशन (अल्फा) आणि त्यांची पूर्वीची भागीदार निको ह्यांच्याकडे २८१ कोटी डॉलरची मागणी केली. रिलायन्सने ती अमान्य केली आणि कायदेशीर लढाईची वाट धरली. न्यायालयात काय व्हावयाचे ते होईल. पण ध्यानात घ्या, मुंबई हायसाठी निवडलेली कंपनी ती हीच, बीपी एक्स्प्लोरेशन (अल्फा). ज्या कंपनीकडे सरकार एका समुद्रातील वायूची भरपाई मागत आहे, तिलाच महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने दुसऱ्या समुद्रातील विहिरींच्या भूगर्भाची सारी माहिती दहा वर्षांसाठी खुली करून देण्यात येत आहे. काखेतील कळसा विसरावा, पण इतका?

तेव्हा मुंबई, उरण, हजिरा, चेन्नई, दिल्ली, जेथे जेथे आपले सभासद तेलकामगारांत काम करतात तेथे हे प्रश्न द्वारसभांत मांडले गेले पाहिजेत. उत्पादनाची मूळ पातळी कोणी ठरविली? ओएनजीसीने स्वतःच्या पैशाने खणलेल्या नव्या विहिरींतून निघालेले तेल 'वाढीव' धरले जाणार की नाही? भूगर्भातील माहितीचा वापर बीपीला अन्यत्र करता येणार नाही ह्याची हमी काय? अपघात झाल्यास ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारी कोणावर? आणि ह्या दहा वर्षांत ओएनजीसीच्या किती तरुण अभियंत्यांना हे तंत्र शिकविले जाणार? संपूर्ण करार, शुल्काच्या परिशिष्टांसह, संसदेपुढे ठेवला जावा ही आमची मागणी आहे. 'व्यापारी गोपनीयता' हे उत्तर आम्ही ऐकणार नाही. १९१४ साली चर्चिलनी ब्रिटिश पार्लमेंटकडून २२ लाख पौंड मंजूर करून घेतले, तेव्हा आरमारासाठीच्या तेलाचा दर काय ठरला हे त्यांनीही सभागृहाला सांगितले नव्हते.